चहा न घेणारी बाई

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या वाशिमकडच्या मालेगावात सगळेच म्हणतात. खोटं कशाला बोलू, ते खरं आहे.

मी मंजुषा. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नाआधी नागपूरला चित्रकला शिकले. पुढे संसारात चित्र काढणं सुटलं, पण बघण्याची खोड काही गेली नाही. म्हणून मी 'बघा अन् बोला' नावाचं एक पान काढते. आपल्या भागातल्या कुण्या चित्रकाराचं प्रदर्शन लागलं की स्वतःच्या तिकिटानं जायचं, चित्रं बघायची आणि जे वाटलं ते लिहायचं. पान माझ्याच मशीनवर छापते आणि फोनवरून गावोगाव पाठवते. त्यात कुणाची जाहिरात नाही, देणगी नाही, आणि प्रमुख पाहुणी म्हणून मी कुठे खुर्चीत बसत नाही. पेपरात प्रदर्शनाची बातमी येते तेव्हा दीप कुणी लावला, शाल कुणाला दिली, आभार कुणी मानले, सगळं असतं. चित्रं कशी होती तेवढं सोडून. ते कुणीतरी लिहायला नको का?

यात माझा एकच नियम आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याचा चहा घ्यायचा नाही. चहा साधा असतो, पण त्यात साखरेबरोबर भीडही विरघळते. काम लिहिण्यासारखं नसेल तर मी खुशाल चहा पिते, हॉल हवेशीर आहे म्हणते आणि बस पकडते. हे आता साऱ्या जिल्ह्यातल्या चित्रकारांना पाठ झालंय. बाईनं कप हातात घेतला की समजायचं, आपलं काम गेलं पाण्यात.

गेल्या हिवाळ्यात प्रसेनजितनं मालेगावच्या एका मंगल कार्यालयात प्रदर्शन लावलं. तो रिठदचा, वय तिशीच्या पुढे. पोटासाठी तो मेलेल्या माणसांची चित्रं करतो. घरचे आधार कार्डावरचा नाहीतर कुण्या लग्नातल्या घोळक्यातला फोटो आणून देतात. त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखून तो माणूस मोठा करतो, तेलरंगात रंगवतो, मागे निळा उजेड देतो. जन्मात ज्यानं सदऱ्याला इस्त्री केली नाही त्याला कोट चढवतो. तिरळा डोळा सरळ करतो, पडलेला दात बसवतो. बौद्धांच्या पुण्यानुमोदनाला, इतरांच्या तेरवीला त्या चित्राला हार घालतात, आणि घरचे रडत रडत म्हणतात, हुबेहूब.

या खेपेला मात्र त्यानं गावातली जिवंत माणसं रंगवली होती. लग्नाचे सोनेरी खांब तसेच होते आणि खांबाखांबाला एकेक चित्र टेकवलेलं. मधोमध त्याच्या आत्याचं, रुख्मिणीबाईचं, पुरुषभर उंचीचं. पांढरं लुगडं, मांडीवर हात, नजर समोर, दूर.

माझी सगळी चित्रं बघून झाली तशी प्रसेनजित स्वतः ट्रे घेऊन आला.

"चहा नको," मी म्हटलं.

बाजूचा एक म्हातारा कळवळून बोलला, "काहून, शुगर हाये का मॅडमले?" पण प्रसेनजितचा चेहरा उजळला. त्यानं ट्रे खुर्चीवर ठेवला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, लोकं म्हनते हुबेहूब हाये. मेलेलेबी मी हुबेहूबच करतो. मंग ह्यात मी नवं काय केलं? मी चित्रकार हाय का नुसता फोटो मोठा करनारा, तेवढं लिवा. गोड नका लिवू."

गोड लिहिणं मला तसंही जमत नाही. मी लिहिलं की हात तयार आहे, रंगाची समज आहे, पण या माणसाला जिवंत माणसाची धास्ती वाटते. समोर बसलेल्याचाही तो आधी फोटो काढतो आणि मग त्या फोटोवर चौकटी आखतो. सगळ्यांच्या मागे तोच निळा उजेड, सगळ्यांची नजर बघणाऱ्याच्या डोक्यावरून पार. आणि शेवटी लिहिलं, "या जिवंत माणसांच्या गळ्यात फक्त हार घालायचे राहिले आहेत." हे वाक्य लिहून मी खूश झाले होते. चांगलं वाक्य सुचलं की मला दोन दिवस भूक चांगली लागते.

पण फोनचं जग भलतंच. कुणीतरी रुख्मिणीबाईच्या चित्राचा फोटो काढला आणि खाली माझं वाक्य चिकटवलं. पुढच्यानं वाक्य अर्धंच ठेवलं. त्याच्या पुढच्यानं तेही काढलं आणि लिहिलं, भावपूर्ण आदरांजली. इंझोरीला पोचेपर्यंत बाई मेली होती.

इंझोरीत रुख्मिणीबाईची धाकटी बहीण भागिरथाबाई राहते. ती टेम्पोभर माणसं आणि फुलांचा हार घेऊन रिठदला निघाली, ते वेशीपासूनच रडत. रुख्मिणीबाई दारात तूर पाखडत बसली होती. आमच्याकडे रीत अशी की रडत आलेल्या माणसाला आधी गळ्याशी धरायचं, कोण गेलं ते मागून विचारायचं. म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि तीही रडायला बसली. गर्दीत भागिरथाबाईनं कुणाच्या गळ्यात हात टाकलेत ते बघितलंच नाही. दोघी बहिणी एकमेकींच्या खांद्यावर बराच वेळ रडल्या. मग रुख्मिणीबाईनं नाक पुसत विचारलं, "पन गेलं कोन व?"

ही हकिगत मला दुकानात एका गिऱ्हाइकानं सांगितली तेव्हा मी इतकी हसले की मशीनमध्ये कागद अडकला. पुढचं ऐकलं आणि हसू जिरलं. गावात टिंगल झाली होती. पोट्टे प्रसेनजितला विचारत होते, आता कोनाले मारून राह्यला रे? त्यानं प्रदर्शन दोन दिवस आधीच उतरवलं होतं, चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली होती आणि घरात सांगितलं होतं, यापुढे फक्त मेलेलेच करीन, जिवंत मानसाच्या वाटेले जानार नाई.

मला वाईट वाटलं. लिहिलेलं चूक होतं म्हणून नव्हे, ते खरंच होतं. पण खरं ऐकून माणूस हात उचलेल असं मला वाटलं होतं आणि यानं तर हातच टाकले. आपल्याकडे बऱ्या चित्रकारांचं आधीच दुर्भिक्ष. त्यातला एक आपल्या वाक्यानं गेला तर त्या वाक्याचं काय लोणचं घालायचं?

आठवड्यानं दुकानासमोर एक उंच म्हातारी उभी राहिली. डावा डोळा अर्धा मिटलेला, हातात पिशवी. चित्रातल्या बाईचे दोन्ही डोळे टपोरे होते, म्हणून मी ओळखलं नाही.

"तूच का व मले मारनारी?" तिनं विचारलं.

मी स्टूल पुढे केलं. बसली नाही. झेरॉक्स मशीनला बोट लावून बघितलं, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, ग्राहकाच्या हातातला सातबारा वाकून बघितला. पायाला जणू भिंगरी.

"प्रसेनजित जेवत नाई नीट," ती म्हणाली. "त्याचे मायबाप गेले तवा तो एवढासा होता. मी वाढवला. कोनं काई बोललं तं तो भांडत नाई, गप बसते. तुह्या लिवन्यानं तो गप बसला. काय चुकलं ते घरी येऊन दाखव. मले वाचता येत नाई. मले डोयानं दिसलं पायजे."

"आत्या, लिहिलेलं मी परत घेणार नाही."

"घेऊ नको. मी कुठं म्हनली घे? दाखव म्हनते."

अशा माणसाला नाही म्हणायची माझी टाप नाही. पुढच्या रविवारी वाशिमला बस बदलून मी रिठदला गेले. बौद्धवाड्यात विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. प्रसेनजितनं मान खाली घालूनच चित्र सुलटं केलं आणि रुख्मिणीबाई त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आता सांगायची गरजच नव्हती. इकडे चित्रातली बाई देवळातल्या समईसारखी स्तब्ध आणि तिकडे खरी बाई कोंबडीला हाकलते आहे, पदर खोचते आहे, डावा डोळा मिटून माझ्याकडे बघते आहे.

"हा डोळा कुणी उघडला?" मी प्रसेनजितला विचारलं.

"मी. चांगला दिसते ना. लोकं तसंच करून मागते."

"मेलेल्यांचे घरचे मागतात. आत्यानं मागितला होता का?"

रुख्मिणीबाई चित्राच्या जवळ गेली. तिनं दोन्ही डोळ्यांवरून बोट फिरवलं. "मले वाटे का हे मी नोहो, माही बहीन हाये," ती म्हणाली. "पन पोराले कसं सांगू? त्यानं लय जीव लावून केलं."

प्रसेनजित म्हणाला, "मॅडम, आत्या समोर बसली का दर घडीले दुसरीच दिसते. हात थरथरते माहा. फोटो कसा, हालत नाई."

"मग थरथरू दे," मी म्हटलं. "फोटो घ्यायचा नाही. चौकटी आखायच्या नाहीत. तिला बस म्हणायचं नाही. ती जे करते ते करू दे आणि तू तिच्या मागे पळ."

तेवढ्यात रुख्मिणीबाई चहा घेऊन आली. कपाला बशी होती, बशीत दोन बिस्किटं. सवयीनं माझ्या तोंडातून गेलं, "चहा नको मला." पाणी विचारलं तर म्हटलं, "बाटली आहे माझ्याजवळ." आणि पिशवीतून बाटली काढून प्यायलेही.

म्हातारीनं बाटलीकडे बघितलं. कप उचलून आत गेली. निघताना मी येते म्हटलं तर नुसती मान हलवली. मला वाटलं, डोळ्याचं बोललेलं लागलं असेल.

प्रसेनजितनं मला मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं. बस दिसेना. तो चाबीशी खेळत राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? राग नका मानू. तुमचा चहाचा नियम मले मालूम हाये. आत्याले नाई मालूम. तिले दुसराच नियम मालूम हाये."

"कोणता?"

"तुमच्यावाल्या लोकायचा. आमच्या घरचं पानी न पेन्याचा."

मी शेतकऱ्याची, बऱ्यापैकी वावर असलेल्या घरची लेक. असलं काही माझ्या मनाच्या कानाकोपऱ्यातही नव्हतं. पण माझं मन त्या म्हातारीला कसं दिसणार? तिला माझी बाटली दिसली. अंगावर कुणी उकळतं पाणी ओतावं तसं झालं मला. मागे फिर म्हटलं तर प्रसेनजित म्हणाला, राहू द्या, मी सांगीन तिले. बस आली आणि मी चढले. वाशिमपर्यंत मी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आजवर कुठल्या चित्रकाराला घातल्या नसतील. मोठी स्वतंत्र समीक्षा करणारी, आणि माणसाच्या घरात बसायची अक्कल नाही.

फोनवर माफी मागून ती गोष्ट मिटवायची नव्हती मला. ठरवलं, पुन्हा जाईन तेव्हा मागून चहा पिईन, दोन कप पिईन. मग नियम राहिला तरी ठीक आणि गेला तरी ठीक.

उन्हाळा गेला. सोयाबीन कमरेला टेकायला आलं तेव्हा प्रसेनजितचा फोन आला. "मॅडम, एक झालं हाये. येता का?" आवाजात धाकधूक होती. "हे पाहून तुमी जे म्हनान ते शेवटचं. नसन जमलं तं मी हा नाद सोडतो. खरंच सोडतो. आत्याचं बी वय झालं, मलेबी दुसऱ्यांदा हसू करून घ्याचं नाई."

मी बाटली मुद्दाम घरी ठेवून गेले.

चित्र अंगणात कुडाला टेकवलं होतं. रुख्मिणीबाई खाटेवरून उठते आहे. पुरती बसलेली नाही, पुरती उभीही नाही. एक पाय चप्पल शोधतो आहे. डावा डोळा मिटलेला, तोंड उघडं, कुणाला तरी काहीतरी सुनावते आहे. उजवा हात आधी वर होता, मग खाली आला असावा, कारण वरचा हात त्यानं पुरता पुसलेलाच नव्हता. दोन्ही हात तिथेच होते आणि दोन्ही खरे वाटत होते. पाय मात्र कच्चे होते, लाकडाचे असावेत तसे. एका कोपऱ्यात तो मेला निळा उजेड अजून लपून बसला होता. पण बाई जिवंत होती. मी समोर उभी राहिले आणि मला वाटलं, आता ही मला विचारणार, काय पाहून राह्यली व? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चित्र बघून असं किती वर्षांत झालं नव्हतं.

 नवं काम बघितलं की माझी सवय, आधी लिहायचं, मग बोलायचं. प्रसेनजित दाराच्या चौकटीला टेकून माझ्या तोंडाकडे बघत होता.

रुख्मिणीबाई बाहेर आली. आधी तिनं मला पाण्याचा गडू दिला. मी उभ्याउभ्याच सगळा रिकामा केला. तिनं बघितलं. मग चहा आला. प्रसेनजितला दिला. चित्र बघायला जमलेल्या शेजारच्या सेवादासला दिला. विहाराकडून आलेल्या दोन बायांना दिला. कुंपणावरून डोकावणाऱ्या दूधवाल्यालाही बोलावून दिला. मला दिला नाही.

मी थांबले. सगळे फुर्र फुर्र करून पीत होते आणि मी मोकळ्या हातानं बसले होते. आपल्याला वगळून चार लोकांना चहा वाटला जातो तेव्हा कसं वाटतं ते या वयात कळलं मला. 

"आत्या, मला नाही का चहा?"

"नाई."

"त्या दिवशी माझं चुकलं. माझ्या मनात तसं काही नव्हतं, पण तुम्हाला तसं दिसलं. मी आज चहा प्यायलाच आले."

"मले मालूम हाये. ह्यानं सांगतलं मले सारं." तिनं पदरानं कप पुसत म्हटलं, "तू ज्याचा चहा पेते त्याच्यावर लिवत नाई. अन् लिवायचं असन तं पेत नाई. असंच ना?"

"नियम गेला खड्ड्यात. चहाही पिते आणि लिहितेही."

"तसं नाई चालनार," ती म्हणाली. "मंग लोकं म्हनतीन, रुख्मिणीनं चहा पाजला म्हनून बाईनं चांगलं लिवलं. माह्या पोराचं काम मले चहात बुडवाचं नाई." मग बाजूच्या बायांकडे बघून अगदी सहज म्हणाली, "आपल्या घरचा चहा लोकायनं लय वर्षं नाई पेला. अजून चार दिवस नाई पेला तं काय बिघडते? आधी लिव. मंग ये अन् पे."

प्रसेनजितच्या हातातला कप तिरपा झाला. आत्ताच कुठे त्याच्या ध्यानात आलं होतं की मी लिहिते असंही म्हटलं होतं, म्हणजे चित्र जमलं होतं. तो खाली बसला आणि गुडघ्यात तोंड घालून रडायला लागला. रुख्मिणीबाई म्हणाली, "रडू दे. हे रडनं बरं हाये."

मी त्याच संध्याकाळी दुकानात बसून लिहिलं. पाय कच्चे आहेत लिहिलं, निळ्या कोपऱ्याला नावं ठेवली, आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की रिठदचा प्रसेनजित चित्रकार आहे. पान सगळीकडे पाठवलं. चार दिवसांनी एक प्रत घेऊन मी पुन्हा त्या अंगणात गेले.

रुख्मिणीबाईनं ते प्रसेनजितकडून मोठ्यानं वाचून घेतलं, दोनदा. पायांचं आलं तेव्हा तिनं स्वतःचे पाय पुढे करून न्याहाळले. "पाय तं माहे खरंच तसे हायेत," ती म्हणाली. मग उठली, चुलीवर आधण ठेवलं आणि मला हाक मारली, "ये व, आत बस."

चहात साखर फार होती. मी दोन कप प्यायले.